हिरव्या पाठीची माशी

११ मे, रविवार

पोहोचले गं पोरी. हाडं सगळी जागेवर आहेत, फक्त बसनं त्यांची एकमेकांशी नव्यानं ओळख करून दिली. तू जहाजावर चढताना हा फोन माझ्या हातात कोंबलास आणि म्हणालीस, आजी, लाल बटण दाबायचं आणि बोलायचं, तो लिहून घेतो, तारीखसुद्धा तोच टाकतो, मी बंदराला लागले की सगळं एकदम वाचेन. म्हणून बोलतेय. साक्षर नसलेल्या बाईची रोजनिशी! माझं बोलणं आजवर इतकं निमूट कुणी लिहून घेतलं नव्हतं. तुझे आजोबा तर ऐकूनही घ्यायचे नाहीत.

तर, नोकरी लागली तुझ्या आजीला. वय विचारलं तेव्हा मी साठ सांगितलं, आणि ज्यांनी विचारलं त्यांनी हसू दाबलं.

मालकीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत. उंच, सडसडीत, हातात काठी, आणि बोलताना असं बघतात की आपण गृहपाठ विसरलोय असं वाटावं. उद्या सकाळी दवाखान्यात जाणार, खुब्याचा सांधा बदलायचाय. दहा दिवस तिथं. मूलबाळ नाही, यजमान गेले. मागं उरलाय एक ससा. आठ वर्षांचा. यजमानांनी तळहातावर बसवून आणला होता म्हणे. आता तळहातावर त्याचा एक कानही मावणार नाही. माझं काम काय, तर त्या सशाला सांभाळायचं. माणसं सांभाळून कंटाळले होते, म्हटलं चला, हा निदान उलट बोलणार नाही.

घर तीन खोल्यांचं, गल्लीच्या टोकाला. भिंतभर पुस्तकं. पुस्तकांकडे पाठ करून बसले की बरं वाटतं. मागं पत्र्याची पडवी, तिथं कमरेएवढ्या उंचीवर सशाचा लाकडी पिंजरा, समोरून जाळी. समोरच्या घराला कुलूप आहे, मंडळी सुट्टीला गेलीत. शांतता अशी की माझे गुडघे वाजलेले मलाच ऐकू येतात.

ससा पांढरा, पाठीवर करडा, गलमिशा भारदस्त. मी पडवीत गेले तेव्हा त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाक उडवलं. मी त्याचं नाव हेडमास्तर ठेवलंय. बाईंना सांगितलं नाही.

१२ मे, सोमवार

बाई सकाळी गेल्या. जाण्याआधी माझी परीक्षा झाली, पोरी.

कपाटाच्या दारावर एक भला मोठा कागद चिकटवलाय. बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलेला, ओळी अशा सरळ की पेरणी केल्यासारख्या. त्यावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, सगळं यात आहे, एकदा वाचून घ्या आणि काही शंका असेल तर आत्ताच विचारा. मी वाचलं. म्हणजे डोळे डावीकडून उजवीकडे नेले, ओळ संपली की पुन्हा डावीकडे आणले, मध्येच एकदा भुवया उंचावल्या, एकदा मान हलवली. या कामाचा मला साठ वर्षांचा अनुभव आहे. वर म्हटलं, चष्मा घरी राहिलाय, तरी अक्षर लागतंय. जो चष्मा मी जन्मात घेतला नाही तो आजवर निदान दोनशे वेळा घरी विसरलेय.

खरं सांगून टाकायला काय झालं होतं? तू हेच विचारशील. अगं, शिक्षिका आहेत त्या. चाळीस वर्षं पोरांना अक्षरं शिकवली. त्यांच्यासमोर उभं राहून, मला एकही येत नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. आणि काम गेलं असतं तर?

तोंडानं त्यांनी एवढंच सांगितलं: सकाळ-संध्याकाळ सुक्या गवताचा ढीग, ताजं पाणी, मूठभर पाला. रोज पाच वाजता मी घरातल्या फोनवर बोलेन. बाकी कागदावर. मग पिंजऱ्याशी वाकून त्याच्या कपाळावर कपाळ टेकवलं. खुब्याच्या दुखण्यानं ओठ पांढरे झाले, तरी बराच वेळ तशाच राहिल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, हा असला तर मी घरी परत येते, नाहीतर नुसती राहायला येते. आणि काठी टेकत गेल्या.

मोठं माणूस असं काही बोललं की मला काय करावं कळत नाही. मी हेडमास्तरांना सफरचंदाची फोड दिली.

१३ मे, मंगळवार

जीव जडला गं. जेवतो कसा माहितेय? डोळे मिटून. मूठभर पाल्यावर याचं काय भागणार? म्हातारपणी जिभेचे लाड नाही करायचे तर कधी? सकाळी दोन गाजरं दिली, दुपारी सफरचंद, चहाबरोबर दुधात बुडवलेलं बिस्किट. बिस्किटाला तर माझ्या बोटासकट तोंड लावलं त्यानं. सुकं गवत तसंच पडलंय. मीही खाल्लं नसतं.

ऊन मात्र जाळतंय. पत्रा तापतो. म्हणून गोणपाट पाण्यात भिजवून पिंजऱ्यावर टाकलं, वाळलं की पुन्हा भिजवते. थेंब आत गवतावर पडतात, पडू देत, गारवा राहतो. लहानपणी गोठ्यावर आम्ही असंच करायचो.

फळीवर एक छोटी बाटली सापडली, औषधी वासाची. बाईंचं सांधेदुखीचं तेल असणार. दोन बोटं घेऊन गुडघ्यांना चोळलं. त्या रागावणार नाहीत.

पाच वाजता बाईंचा फोन. ऑपरेशन उद्या. स्वतःचं काही बोलल्या नाहीत, त्याचंच विचारत होत्या. मी म्हटलं, मजेत. सगळं कागदाप्रमाणे चाललंय ना? मी म्हटलं, अक्षर न् अक्षर.

१५ मे, गुरुवार

काल बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही घडलं नाही. बाईंचं ऑपरेशन नीट झालं, दवाखान्यातून निरोप आला.

आज हेडमास्तर रुसलेत. कोपऱ्यात तोंड करून बसले, गाजराकडे पाहिलं नाही. मधूनच दचकून मान वळवतात, स्वतःच्याच पाठीकडे बघतात, मागून कुणी हाक मारल्यासारखे. बाईंची आठवण काढत असतील. मी समजूत घातली, तुमच्या बाई येतील हो, मास्तर.

पोट जरा बिघडलंय वाटतं. मागं शेपटीपाशी लोकरीला घाण चिकटली होती, मऊ, काळपट. हा जाडा, वर म्हातारा, त्याचं तोंड मागं पोहोचत नाही. माझाही हात हल्ली पाठीपर्यंत पोहोचत नाही, मी समजू शकते. ओल्या फडक्यानं चांगलं भिजवून पुसलं. दमून गेला बिचारा, म्हणून ओलाच सावलीत ठेवला, वाळेल आपोआप.

पडवीत वास येतोय. आंबूस, आणि त्याखाली काहीतरी गोड.

माशा आहेत. घरातल्या साध्या करड्या नव्हेत. एक मोठी, पाठ हिरवी, चकाकती, जणू कुणी पितळेवर हिरवा रंग दिलाय. जाळीवर बसून पुढचे दोन हात चोळत होती, पंगतीला पान मांडायची वाट बघणाऱ्या पाहुणीसारखी. मी फडकं मारलं. उडाली नाही. दोन बोटं सरकली आणि पुन्हा हात चोळायला लागली.

१६ मे, शुक्रवार, सकाळ

पोरी, मी घाबरलेय. हसत नाहीये आज.

उजाडल्यावर पडवीत गेले. पान हलत नव्हतं इतका वारा पडलेला. तो पिंजऱ्यात दगडासारखा बसलेला. आणि त्याच्या मागच्या बाजूची लोकर हलत होती.

वारा नव्हता. तो हलत नव्हता. लोकर हलत होती. आतून, संथ, भाताला उकळी येते तशी.

मी त्याला उचललं. नेहमी पाय झाडतो, आज झाडले नाहीत. मांडीवर उताणा केला आणि शेपटीखालची लोकर बाजूला केली. ते काय होतं ते मी तुला नीट सांगणार नाही. अळ्या. शेकडो. पांढऱ्या, काही दोऱ्याएवढ्या, काही जाड. एकमेकींच्या अंगावरून. उजेड पडला तशा त्या पळाल्या नाहीत पोरी, आत शिरल्या. त्याच्या आत. त्याची कातडी जिवंत, तो जिवंत, श्वास चाललाय, डोळे उघडे, आणि त्याला खात होत्या.

त्यानं ओरडायला हवं होतं. सशाला ओरडता येत नाही वाटतं. फक्त दात करकरत होते. मी काल दिवसभर तो आवाज ऐकला होता. मला वाटलं होतं, तो काहीतरी चघळतोय.

टोपलीत टॉवेल घालून त्याला घेतलंय. कागदही उपटून घेतलाय कपाटावरून. कोपऱ्यावर जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत, दारावर कुत्र्याचं चित्र आहे म्हणून मला माहीत. निघते.

१६ मे, शुक्रवार, दुपार

आलोय परत. दोघंही. तो टेबलाखाली टोपलीत झोपलाय.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हात मात्र म्हाताऱ्या सुईणीसारखे शांत. आधी त्याला दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, मागची लोकर कात्रीनं उतरवली, आणि चिमट्यानं एकेक अळी वेचायला बसल्या. एक तास. मी दिवा धरला होता. वाडग्यात पडताना प्रत्येकीचा आवाज होत होता. मग कोमट पाण्यानं धुतलं, आणि गार-कोमट हवेच्या यंत्रानं केसन् केस कोरडा केला. ओलं ठेवलं तर तीच त्यांना आमंत्रणाची अक्षत, म्हणाल्या. कातडी लाल, चाळणीसारखी. कातडीखाली पाणी टोचलं, कारण त्याचे कान गार पडले होते. कान गार पडणं वाईट.

काम करता करता त्यांनी बाईंचा कागद वाचला. मोठ्यानं. मी ऐकत उभी होते पोरी, आणि प्रत्येक ओळ माझ्या कानाखाली बसत होती.

पहिल्याच दिवशी फळीवरच्या बाटलीतलं औषध मानेपासून शेपटीपर्यंत लावणे, त्यानं माशीची अंडी वाढत नाहीत. फळं, गाजर, गोड पूर्ण बंद, पोट पातळ होतं. खाणं म्हणजे सुकं गवतच. अंथरूण रोज बदलणे, ओलं राहू न देणे. सकाळ-संध्याकाळ उताणा करून शेपटीखाली पाहणे. घाण चिकटलेली दिसली, अळी दिसली, नुसता सुस्त दिसला तरी त्याच तासाला डॉक्टरकडे नेणे. उद्यावर टाकू नये. ही ओळ दोनदा लिहिली होती म्हणे. खाली रेघ मारून.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, यात सगळं लिहिलंय की हो. मी म्हटलं, चष्मा घरी राहिला.

माझ्या गुडघ्यांवर मात्र चार दिवसांत एक माशी बसलेली नाही.

त्यांनी सांगितलं ते सांगते, म्हणजे माझ्याही ध्यानात राहील. माशी ओल्या घाणीवर अंडी घालते. अंडी काही तासांत फुटतात. या माशीच्या अळ्या जखम व्हायची वाट बघत नाहीत, जखम त्याच करतात. एका दिवसात ससा जातो. आपण वेळेवर आलो का, हे दोन-तीन दिवस सांगता येणार नाही. घरात ठेवायचा, खिडक्यांना जाळी, अंथरूण कोरडं. दर दोन तासांनी उताणा करून सगळं अंग चाचपायचं, कारण एखादं अंडं हमखास राहतं. पातळ लापशी पिचकारीनं भरवायची, सशाचं पोट थांबलं की ससाच थांबतो. आणि रॉकेल, फिनेल, टर्पेंटाइन काही लावायचं नाही. गुरांना लावतात म्हणून लावाल आणि माराल, याची कातडी कागदासारखी आहे.

इतक्यात एक भाजलेलं कुत्रं घेऊन कुणीतरी आत घुसलं. ते असं किंचाळत होतं की बोलणंच बुडालं. त्यांनी घाईघाईनं एक चिठ्ठी लिहिली, माझ्या मुठीत दिली, म्हणाल्या, बाकीचं यात आहे, नीट वाचा, महत्त्वाचं आहे.

मी मान हलवली.

हो पोरी. पुन्हा.

१६ मे, शुक्रवार, संध्याकाळ

पाच वाजता फोन. आवाज खोल गेलाय त्यांचा. विचारलं, कसा आहे. मी म्हटलं, मजेत.

१७ मे, शनिवार

दर दोन तासांनी. मांडीवर टॉवेल, त्यावर तो उताणा, खिडकीचा उजेड. शेपटीखाली, मांड्यांच्या घड्यांत, हनुवटीखाली. पहाटे मांडीच्या घडीत पिवळट कण दिसले, रव्यासारखे, एकाला एक चिकटून. अंडी. बारीक फणीनं काढली, चुलीत टाकली. हात तीनदा धुतले. तरी बोटांना ती लागतायत अशी वाटतात.

सकाळी त्यानं गवताच्या तीन काड्या खाल्ल्या. तीन! मी रडले.

सगळ्या खिडक्या लावल्यात, दारांच्या फटींत फडकी कोंबलीत. आत भट्टी झालीय. त्या बाहेर आहेत. जाळीवर बसल्यात, हिरव्या, एकीला एक लागून. आधी जाळीतून झाड दिसत होतं, आता झाडाचा शेंडा दिसतो. भुतंखेतं अंधारात येतात असं आपण समजतो. या उन्हात येतात. जितकं ऊन तितक्या जास्त.

आवाज येतोय. त्यांच्या पंखांचा म्हणावा तर खिडकीशी यायला हवा. टोपलीशी कान नेला की मोठा होतो.

पाच वाजता बाई म्हणाल्या, एकदा फोन त्याच्याजवळ धरा, त्याचं खाणं ऐकू दे, ते ऐकलं की मला झोप लागते. तो सकाळपासून तोंड लावत नव्हता. तीन काड्या, बस.

मी फोन धरला. आणि सुकं गवत स्वतःच्या तोंडात घातलं, आणि चावलं. कुरुम कुरुम. डोळे मिटून, तो खातो तसं. पलीकडे बाई हळूच हसल्या. म्हणाल्या, शहाणा माझा.

गवताचं कुसळ अजून घशात आहे. गिळवत नाही, थुंकवत नाही.

१८ मे, रविवार, सकाळ

लापशी गालातून परत बाहेर आली. गिळत नाही. दात करकरतायत. कान गार.

सकाळपासून दोनदा पाहिलं. शेपटीखाली स्वच्छ. घड्यांत स्वच्छ. काही नाही. मग दात का वाजतायत?

डॉक्टरीणबाईंकडे नेते.

१८ मे, रविवार, दुपार

कुलूप.

दारावर कुलूप, कुत्र्याचं चित्र, आणि एक पाटी नवी. तिच्यावर लिहिलेलं. चार ओळी. मी तिच्यासमोर उभी राहिले. डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे. कुणी बघत नव्हतं, तरी करत होते.

मुठीत त्यांची चिठ्ठी. तिच्यावरही ओळी. याच असतील. इथं मी नसेन, तेव्हा अमुक करा. तेच असणार. माझ्याच मुठीत. दोन दिवस.

ऊन डोक्यावर, गल्ली ओस, दुकानं बंद. टोपलीवर पहिली माशी बसली. मग दुसरी. मी पदरानं झाकलं तर त्या पदरावर बसल्या.

एक माणूस आला, सायकल हातात धरून चालत. चांगला दिसत होता. थांबलासुद्धा माझ्यासाठी. मी चिठ्ठी पुढं केली, तोंड उघडलं —

आणि विचारलं, किती वाजले.

सव्वाबारा, म्हणाला. आणि गेला.

पोरी, मी स्वतःला ओळखत नाही. जीव हातात घेऊन उभी होते, आणि लाज वाटली मला. अक्षराची.

धावत घरी आले. धावले मी. या गुडघ्यांनी.

१८ मे, तीन

तुझ्या फोटोवर बोट ठेवलं. वाजतच नाही. समुद्रात असशील.

एक आत आलीय. दिसत नाही. ऐकू येते. पुस्तकांच्या मागं —

फिनेलची बाटली काढली होती. झाकण उघडलं. बापानं बैलाच्या खांद्यातल्या किड्यांवर ओतलं होतं, बैल जगला होता. ससा माझ्याकडे बघत होता. नाक हलत होतं. बाटली मोरीत रिकामी केली. नाहीतर ओतलं असतं.

पाचला वाजेल. पाचला बाई बोलतील. सांगायचं. या वेळी सांगायचं.

१८ मे

नाक हलायचं कमी झालंय. मोजतेय. आधी एका श्वासात दहा-बारा, आता —

माशी त्याच्या डोळ्याच्या कडेवर बसली. पापणी मिटली नाही त्यानं. मी हातानं —

सापडली नाही. आहे इथंच.

१८ मे

वाजला. घरातला फोन वाजला पोरी — हे यंत्र बंद करायला हात मोकळा नाही, राहू दे —

बाई. मीच. नाही बाई. मजेत नाही. नाही. खोटं बोलले. शुक्रवारपासून. अळ्या झाल्या होत्या त्याला — ऐका, बाई, ऐकून घ्या, डॉक्टरनी काढल्या, पण आज पुन्हा — आणि तिथं कुलूप आहे — कागद? कागद मी वाचला नाही. चष्मा नाही बाई. चष्मा नाहीच. मला वाचता येत नाही. एक अक्षर येत नाही. त्या दिवशी तुमच्यासमोर मी नुसते डोळे फिरवले. काल गवत चावलं ते मी. मी चावलं —

बाई?

बाई, आहात ना?

हो. हो, मांडीवर आहे. गार. दोन्ही कान. हो, केला उताणा. शेपटीखाली काही नाही, शपथ. पोटावर? पोटावर दाट लोकर आहे, तिथं डॉक्टरनी — करते. बाजूला करते.

बाई, इथं भोक आहे. मसुराएवढं. रक्त नाही. कोरडं. त्याची कड — कड हलतेय, बाई. आतून.

नाही लावत बोट. नाही लावत.

चिठ्ठी आहे. हो, शेवटी डॉक्टरीणबाईंच्या फोनचे आकडे असतील, असं तुम्ही म्हणता — हो, शेवटची ओळ वेगळी आहे. सुटीसुटी चिन्हं. पण मला कुठली ओळख — जसं दिसतं तसं सांगू? तुम्ही लावता तिकडून? थांबा. डाव्या हातात फोन, उजवा त्याच्या छातीवर आहे, ठोके लागतायत, तो काढत नाही. चिठ्ठी गुडघ्यावर ठेवलीय. सांगते.

पहिलं, बदक बसलंय तसं. मान वाकडी, खाली शेपूट. दोन? हा दोन होय. बरं.

दुसरं गोल. बांगडी. शून्य.

मग फितीची गाठ, टोकं वर. चार. मग पुन्हा बदक. मग पुन्हा गाठ, तशीच. चार, हो.

अजून एक आहे. सहावं. एकच राहिलंय, बाई —

माशी बसलीय त्याच्यावर.

फुंकर मारतेय. हलत नाही. हात चोळतेय नुसती. बरोबर त्याच्यावरच, एक कड तेवढी दिसते, गोलसर — नाही, एवढ्यावरून नाही सांगता येत — फोन खाली ठेवला तर तुम्ही — आणि उजवा हात काढला तर मला कळणार नाही त्याचं —

बाई, थांबा. बोलू नका जरा. हाताखाली —

हाताखाली त्याचं —